मशीनबाईंची नऊ टोपणं

तराजूकाकांना कोणीही सल्ला विचारला नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे काही घडलं त्याची जबाबदारी कोणाकडे जाते, याबद्दल नंतर वाद नको.

तराजूकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण वजनमाप खात्यात चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडलेल्या माणसाला सोसायटीतल्या लोकांनी दुसरं काय म्हणायचं? निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कोणी ‘जरासं मीठ घाला’ म्हटलं की काकांना अस्वस्थ व्हायला होई. जरासं म्हणजे किती? त्यांच्या लेखी ढोबळपणा हा गुन्हा होता, आणि नोकरीत होते तोपर्यंत त्या गुन्ह्यासाठी पावती फाडायचा अधिकार त्यांच्या खिशात होता.

त्यांच्या पत्नीला सगळं कोर्ट मशीनबाई म्हणत असे. कोर्टाच्या व्हरांड्यात तिसऱ्या खांबापाशी एक टेबल, टेबलावर काळा टाइपरायटर आणि टाइपरायटरमागे मशीनबाई, हे दृश्य एकतीस वर्षं तसंच्या तसं होतं. शपथपत्रं, अर्ज, करारनामे. नवे वकील मसुदा घेऊन येत तेव्हा मशीनबाई तो एकदा वाचत, चष्म्यावरून वकिलाकडे बघत आणि दुरुस्त करून टाइप करत. वकील पैसे मोजून तेच पान घेऊन जात. दुसरीकडे जाणार कुठे?

तर या व्हरांड्यात एके दिवशी नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून सर्व शपथपत्रं कोर्टाने दिलेल्या हस्तसंगणकावरच टाइप करायची. परवानाधारक टंकलेखकांनी त्यासाठी चाचणी द्यायची. एक पान, दहा मिनिटं, चूक शून्य. नापास होणाऱ्याचा परवाना रद्द आणि व्हरांड्यातली जागाही रद्द.

हस्तसंगणक हा शब्द दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवसापासून सगळे त्याला पाटी म्हणू लागले, कारण ती पाटीसारखी दिसे आणि समोर आली की भल्याभल्यांना पहिलीत बसवल्यासारखं वाटे.

मशीनबाईंना पाटीची भीती नव्हती. अडचण वेगळीच होती. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, तर पाटी ढिम्म. दुसरं बोट ठेवलं. ढिम्म. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नुसतं बोट जवळ नेलं तरी अक्षर उमटे, आणि मशीनबाई दाबून दाबून थकल्या तरी काच कोरी. एकतीस वर्षं लोखंडी कळा बडवून बोटांची टोकं अशी कोरडी आणि कडक झाली होती, की काचेला ती बोटं वाटतच नव्हती.

“मी हात लावलाच नाही म्हणते ती,” संध्याकाळी घरी येऊन मशीनबाई म्हणाल्या. पर्स खुंटीला लावली आणि नेहमीसारखा चहा टाकायचं सोडून त्या खुर्चीवर बसून राहिल्या. “जाऊ दे. एकतीस वर्षं झाली. पुष्कळ झालं.”

हे ‘पुष्कळ झालं’ तराजूकाकांना आरपार लागलं. लग्न झाल्यापासून हे शब्द त्यांनी या बाईच्या तोंडून ऐकले नव्हते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “मी करतो काहीतरी.”

याआधी काकांनी ‘मी करतो काहीतरी’ म्हटलं होतं ते दारावरच्या बेलबद्दल. तेव्हापासून आपली बेल दाबली की ती समोरच्या घरात वाजते, आणि समोरचे मुख्याध्यापक दार उघडून ‘तुमच्याकडे कोणीतरी आलंय’ असा निरोप द्यायला येतात. मशीनबाईंना हे आठवलं असणारच. पण त्या दिवशी त्यांच्यात विरोध करण्याचंही बळ नव्हतं.

काकांनी आधी मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा इलेक्ट्रिशियन. त्याने आपला स्वतःचा टॅब ताईला सरावासाठी दिला आणि दाजींना समजावलं, “दाजी, या काचेला अंगातली वीज लागते. ताईच्या बोटांची कातडी इतकी कोरडी आहे की वीज पलीकडे पोचत नाही. बोटावर काहीतरी चढवायला हवं, ज्यातून ती जाईल.”

“म्हणजे टोपण,” काका म्हणाले.

“मिळतात की तसली बाजारात.”

“बाजारातल्या मापावर माझा विश्वास नाही,” काका म्हणाले, आणि इथून पुढे परतीचा रस्ता बंद झाला.

पहिला प्रयोग रबरी टोपणांचा. नोटा मोजताना कारकून बोटावर चढवतात तसली. ती पाटीवर मुळीच चालली नाहीत. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हातमोज्यांचं एक खोकंच दिलं, “घ्या काका, बोटं कापून वापरा.” काकांनी कापली. रबराचंच भावंड ते, चालणार कसं? डॉक्टरीणबाईंना तसं सांगायला काका गेले, तर त्यांनी काकांना खुर्चीत बसवून एक दाढ तपासली, काढावी लागेल म्हणाल्या आणि तिथल्या तिथे काढलीही. मदत मागायला गेलेला माणूस एक दाढ गमावून परत येतो, असल्या गोष्टी फक्त तराजूकाकांच्याच बाबतीत होतात.

मुख्याध्यापकांचा सल्ला साधा होता. “पुस्तकाचं पान उलटताना आपण काय करतो? बोटाला जीभ लावतो. लावा जीभ!” आश्चर्य म्हणजे हा उपाय चालला. पण एका ओल्या बोटात तीनच अक्षरं निघत. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की’ इतकं लिहीपर्यंत मशीनबाईंच्या तोंडाला कोरड पडली. शिवाय काच चिकट झाली ती वेगळीच. मेव्हण्याने रुमाल काढून आपला टॅब पुसायला घेतला.

शेवटी उपाय सापडला तो शिंप्याच्या दुकानात. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात पितळी अंगुस्तान घालतो, ते काकांच्या नजरेला पडलं. पितळेतून वीज जाते. पण पितळ काचेवर ओरखडे काढणार. तेव्हा मेव्हण्याने आपल्या सुट्या भागांच्या डबीतून एक काळा मऊ स्पंज काढला. नाजूक भाग ज्यात खोवून ठेवतात, तोच. त्यातूनही म्हणे वीज जाते. काकांनी त्याची मसुरीएवढी चकती कापली, अंगुस्तानाच्या टोकाला भोक पाडून बसवली आणि मशीनबाईंच्या उजव्या तर्जनीत चढवली.

मशीनबाईंनी काचेवर बोट टेकवलं. ‘क’ उमटला.

काकांनी त्या ‘क’कडे असं पाहिलं, जणू जगात त्याआधी कोणी ‘क’ लिहिलाच नव्हता. मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. मशीनबाईंनी मात्र बोट वर धरून ते उलटंसुलटं बघितलं.

“एकच?” त्या म्हणाल्या.

“एक काय कमी आहे? झेरॉक्सवाला दोन अंगठ्यांवर चालवतो.”

“तो चालवत असेल. मी काय कोंबडी आहे, एकेक दाणा टिपायला? मला सगळी बोटं लागतात. डावा अंगठा सोडून. तो नुसता अधांतरी असतो.”

बोलताना त्यांचा आवाज चढला होता. काका मनात म्हणाले, आली. माझी बायको परत आली. आणि त्यांनी नऊ टोपणांची ऑर्डर स्वतःवरच घेतली.

आता माप. इतर कोणी दोरा गुंडाळून माप घेतलं असतं. काकांनी कपाटातून जाडी मोजायचा आपला व्हर्निअर काढला, पुसला आणि बायकोला सकाळी थंड पाण्याने हात धुऊन खिडकीपाशी बसवलं. प्रत्येक बोटाचं माप तीन वेळा घेतलं, सरासरी काढली, वहीत लिहिली. मशीनबाईंना कोर्टात जायला उशीर होत होता, तरी त्या हात पुढे करून बसल्या होत्या. साखरपुड्याच्या अंगठीचं मापसुद्धा या माणसाने ‘असेल साधारण’ म्हणून दिलं होतं, हे त्यांनी त्या वेळी बोलून दाखवलं. काकांनी सरासरी पुन्हा एकदा काढली.

मग आठ दिवस घासणं, ठोकणं, तोलणं. करंगळीचं टोपण तर्जनीइतकंच जड असलं तर करंगळीवर अन्याय, म्हणून प्रत्येकाचं वजन बोटाच्या मानाने ठेवलं. आतून फट म्हणून राहू दिली नाही. फट म्हणजे ढोबळपणा. शेवटी प्रत्येक टोपणावर आतल्या बाजूने तारीख कोरली, कारण तपासलेल्या वजनावर तारीख नसणं त्यांना बघवत नाही.

सराव सुरू झाला आणि नवीनच संकट निघालं. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने वरची दांडी ढकलायची असते. एकतीस वर्षांची सवय. पहिली ओळ संपताच मशीनबाईंचा डावा हात उठला आणि त्याने टॅबला अशी थप्पड लगावली, की टॅब टेबलावरून घसरत जाऊन कुंडीत उभा राहिला. मेव्हणा घाईघाईने माती पुसू लागला. काकांनी टॅबभोवती लाकडी चौकट ठोकली. मग टॅब हलेना, पण थप्पड चुकेना. ती आता डावीकडे बसलेल्या काकांच्या कानावर बसू लागली. पानाला अठ्ठावीस ओळी. काकांनी कानटोपी घातली आणि जागा सोडली नाही.

चाचणीला टोपणं चालतील का, हे लेखी घ्यायला काका कोर्टाच्या कार्यालयात गेले. सरकारी माणसाला सरकारी माणूस समजून घेईल, हा त्यांचा समज. पहिल्या टेबलावर अंगुस्तान पाहून सांगितलं, हे शिवणसाहित्य, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, पाटीला लावायचं म्हणजे यंत्राचा सुटा भाग, त्याला तंत्रज्ञाची मंजुरी लागेल. तंत्रज्ञ म्हणाला, हे पाटीला लागत नाही, बाईंना लागतं. वैद्यकीय दाखला आणा. बोटांत दोष असल्याचा.

“दोष?” काकांचा आवाज इतका चढला, की पलीकडची टेबलं थांबली. “माझ्या बायकोच्या बोटांत काही दोष नाही. दोष तुमच्या काचेत आहे!”

सव्वा तासाने तंत्रज्ञाच्या साहेबांनी तोडगा काढला. चष्मा चालतो ना? मग हेही चष्म्यासारखंच. कागदावर नोंद झाली, ‘अंगावर धारण करावयाची वैयक्तिक वस्तू, नग नऊ.’ तो कागद काकांनी छातीच्या खिशात ठेवला आणि घरापर्यंत खिशावर हात धरून चालत आले.

चाचणीच्या दिवशी मशीनबाईंचा नंबर दुपारी तीनला होता. सोबत काका आणि मेव्हणाही आले होते. त्यांनी अर्धा तास आधी टोपणं चढवली आणि हाताचा सराव म्हणून व्हरांड्याच्या कठड्यावर बोटं वाजवत राहिल्या. ऊन चांगलंच तापलं होतं. तीन वाजता खिडकीवरच्या कारकुनाने यंत्र पुढे सरकवलं.

“बाई, उजवा अंगठा ठेवा. ओळख पटवायची आहे.”

मशीनबाईंनी अंगठ्याचं टोपण ओढलं. निघेना. फिरवून पाहिलं. निघेना. दुसऱ्या हाताने ओढावं, तर त्या हाताच्या चारही बोटांना टोपणं, पकड येईना. सकाळी, थंड पाण्याने धुतलेल्या, खिडकीपाशी निवांत बसलेल्या बोटांची ती मापं होती. दुपारच्या उन्हात घाबरलेल्या माणसाची बोटं जाड होतात, ही गोष्ट वजनमाप खात्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. पाव मिलिमीटर फट ठेवली असती तर! चौतीस वर्षं लोकांच्या फटी पकडणाऱ्या माणसाची एका फटीवाचून फजिती झाली होती.

काका धावले. कँटीनमधून भांड्यांचा साबण आणला. मेव्हण्याने ताईचं मनगट धरलं, काकांनी टोपण धरलं, आणि रांगेतल्या मंडळींनी सल्ले धरले. कोणी म्हणालं तेल, कोणी म्हणालं बर्फ, कोणी म्हणालं हात वर करून ठेवा. अखेर टोपण सुटलं आणि काका त्याच्यासकट मागच्या बाकावर बसले.

अंगठा पुसून यंत्रावर ठेवला. यंत्र म्हणालं, ‘ठसा आढळला नाही.’

पुन्हा पुसला, पुन्हा ठेवला. ठसा आढळला नाही.

कारकुनाने अंगठा उजेडात धरून पाहिला. “बाई, तुम्हाला ठसाच नाहीये. सगळं गुळगुळीत. रेषा झिजून गेल्यात.”

“डावा घ्या ना,” मेव्हणा म्हणाला. “तो कोरा करकरीत आहे.”

“नियमात उजवाच लिहिलाय.”

आतून परीक्षा घेणाऱ्या मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, हातात नियमांची फाइल. त्यांनी नियम वाचला. ठसा न जुळल्यास उमेदवाराने ओळखीचं शपथपत्र द्यावं.

“मग देतो की,” काका म्हणाले.

“शपथपत्र पाटीवर टाइप केलेलं हवं,” मॅडम म्हणाल्या. “आणि पाटीवर टाइप करायचा अधिकार चाचणी उत्तीर्ण झालेल्यांनाच आहे.”

“मग उत्तीर्ण झालेल्या कोणाकडूनही...”

“आज पहिलाच दिवस आहे. सकाळपासून एकही उत्तीर्ण झालेला नाही.” मॅडमच्या आवाजात थोडी दया होती आणि त्यामुळे ते जास्तच टोचलं. “आज शेवटचीही तारीख आहे. मला वाईट वाटतं, पण या बाई कोण आहेत हे कागदावर सिद्ध होत नाही.”

काकांनी मागे वळून व्हरांड्याकडे पाहिलं. या व्हरांड्यात, तिसऱ्या खांबापाशी, हजारो लोक ‘मी अमुक तमुकच आहे’ हे या बाईकडून लिहून घेऊन गेले. आणि तिलाच सांगतात, तू कोण? त्यांना ओरडायचं होतं. पण हातात ते टोपण होतं, ज्याच्यात फट ठेवायची त्यांना सुचलं नव्हतं.

मशीनबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि अंगठ्यात परत चढवलं. मग चष्म्यावरून मॅडमकडे पाहिलं. नव्या वकिलांकडे बघत तसंच.

“मॅडम, चाचणीत काय टाइप करायचं, असं नियमात लिहिलंय?”

मॅडमनी फाइल चाळली. “एक पान. विधिविषयक मजकूर.”

“शपथपत्र विधिविषयकच असतं ना?”

“हो.”

“मग मी माझंच शपथपत्र टाइप करते. चुकले, तर नापास. कागद फाडून टाका, मी घरी जाते. नाही चुकले, तर मी उत्तीर्ण. म्हणजे टाइप करायचा मला अधिकार आहे. म्हणजे शपथपत्र खरं. म्हणजे मी मीच. म्हणजे चाचणीला बसायचाही मला अधिकार होता.”

मॅडमनी नियम पुन्हा वाचला. मग खालून वर वाचला. “याला मनाई कुठे दिसत नाही,” त्या सावकाश म्हणाल्या, आणि घड्याळ काढलं. “साक्षीदार कोण?”

“हे,” मशीनबाई म्हणाल्या, आणि काकांना आपल्या डाव्या बाजूला उभं केलं.

आणि मग पाटी वाजू लागली. काचेवर बोटांचा आवाज होत नाही म्हणतात, पण स्पंजामागे पितळ होतं आणि पितळेमागे मशीनबाई होत्या. टकटक, टकटक, एकसारखी, न अडखळता. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर. रांगेतली माणसं खिडकीशी गोळा झाली. ओळ संपली, डावा हात उठला आणि काकांच्या दंडावर फाडकन बसला. कारकून दचकला. काका हलले नाहीत. दुसरी ओळ, दुसरा फटका. प्रत्येक फटक्यासरशी काकांची छाती इंचभर पुढे येत होती. साधारण इंचभर, मोजायला त्या वेळी त्यांना सवड नव्हती.

सहा मिनिटं झाली तेव्हा मशीनबाई न थांबता म्हणाल्या, “साक्षीदाराचा भाग आला. सांगा. किती काळापासून ओळखता?”

“तेहेतीस वर्षं.”

टकटक. “कशावरून ओळखता?”

काकांनी जिन्याकडे पाहिलं. “मी जेवणाच्या सुट्टीत इथून जायचो,” ते म्हणाले. “तुला ठाऊक नसेल. तेव्हा व्हरांड्यात सहा मशीन होत्या. जिना चढताना मी मधेच थांबायचो. सहाही एकदम वाजायच्या, पण त्यातली तुझी कुठली ते मला कळायचं. तेवढं ऐकायचो आणि परत ऑफिसला जायचो. रोज. वर यायचो नाही, तुझ्या कामात कशाला मधे या. एखाद्या दिवशी तुझी वाजत नसली, तर दुपारभर माझं कामात लक्ष नसायचं.”

पाटीचा आवाज क्षणभर थांबला होता.

“आवाजावरून,” मशीनबाई म्हणाल्या. “एवढंच लिहिते. शपथपत्रात फापटपसारा चालत नाही.” आणि पुन्हा टकटक सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

आठ मिनिटं आणि दहा सेकंद. मॅडमनी पान छापून घेतलं, लाल पेन काढलं आणि प्रत्येक ओळीखाली पेनाचं टोक फिरवत वाचायला लागल्या. पहिला परिच्छेद. दुसरा. काकांचं लक्ष त्या पेनावरून हलत नव्हतं. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं. “नमुन्यात साक्षीदार अर्जदाराला ओळखतो, इतकंच असतं. इथे खाली आणखी एक वाक्य आहे. ‘सदर साक्षीदारास मीही ओळखते. जिन्यात थांबत असे, हेही मला माहीत होते. माणूस खात्रीचा आहे.’”

“नमुन्यात नाही ते,” मशीनबाई म्हणाल्या. त्यांची नजर अजून भिंतीवरच होती. “पण चूक आहे का त्यात?”

मॅडमनी ते वाक्य पुन्हा वाचलं. अक्षरं तपासली, विरामचिन्हं तपासली. मग त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि शिक्का उचलला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “चूक नाही.”

शिक्का बसला. रांगेतून कोणीतरी ओरडलं, मेव्हण्याने ताईला उचलायचा प्रयत्न केला, आणि त्या गडबडीत तराजूकाका हळूच खिडकीपाशी गेले. त्यांनी कारकुनाला विचारलं, या कागदाची एक नक्कल मिळेल का. कारकून म्हणाला, नक्कल कशासाठी हवी, ते अर्जात लिहावं लागेल. काकांनी अर्ज घेतला, खिडकीच्या फळीवर ठेवला, कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि बराच वेळ ते तसंच धरून उभे राहिले.